गड्यांची गुणपत्रिका

आमच्या महाविद्यालयात स्नेहसंमेलनाच्या आधीच्या आठवड्यात बास्केटबॉलची एक स्नेहस्पर्धा होते, हे निम्म्या विद्यार्थ्यांना ठाऊकच नसते. उरलेल्या निम्म्यांना ठाऊक असते ते एवढ्याचसाठी, की ते दोन दिवस ग्रंथालयामागून सायकलस्टँडकडे जाणारी पायवाट बंद असते. (सायकलस्टँडमध्ये आता सायकल औषधालाही सापडत नाही, पण नाव तेच आहे.) कोर्ट सिमेंटचे. मधोमध एक भेग आहे; तिच्यावर चेंडू आपटला तर तो कुठे जाईल हे सांगायला ज्योतिषीच हवा. एका रिंगला जाळी आहे, दुसरीची गेल्या पावसाळ्यात गेली. ढाल नाही, प्रमाणपत्र नाही, वर्तमानपत्रात नाव नाही. जिंकणाऱ्या संघाला उसाचा रस मिळतो आणि हरणाऱ्या संघालाही उसाचाच रस मिळतो. जिंकणाऱ्यांना पुढे खेळायचे असल्यामुळे हरणारे आधी पितात, एवढाच काय तो फरक.

या स्पर्धेत मी खेळत नाही. गेली दोन वर्षे टेबलापाशी बसून मी स्कोअरशीट लिहितो. कोणी किती गुण केले, कोणाचा कितवा फाउल, कोणत्या संघाचा टाइमआउट शिल्लक आहे, हे सगळे ठरलेल्या चौकोनांत ठरलेल्या खुणांनी भरायचे. एखाद्याचा पाचवा फाउल झाला की ते पंचांच्या कानावर मीच घालतो, आणि तेवढ्या क्षणापुरती माझी किंमत कोर्टवरच्या दहा जणांहून अधिक असते. दोन वर्षांच्या कागदांचा गठ्ठा माझ्याकडे आहे, हे भित्तिपत्रकाच्या संपादकांना कुठून तरी कळले आणि यंदा त्यांनी मला नवीच कामगिरी दिली. कर्णधारांनी आपापले खेळाडू निवडले, की त्या निवडींना श्रेणी द्यायची: अ, ब, क, ड. खेळाडूंना नव्हे, निवडींना. हा फरक मी त्या आठवड्यात निदान वीस जणांना समजावून सांगितला आणि एकालाही पटवू शकलो नाही. भित्तिपत्रक लोक चालता चालता वाचतात. वार्षिक अंक वाचायला वर्षभर सवड असते. म्हणून तो इथे पुन्हा मांडतो.

लहानपणी गल्लीत आपण गडी कसे वाटून घेत होतो ते आठवा. दोन म्होरके एका बाजूला उभे राहायचे. बाकीच्यांनी आपापल्या तोडीचा जोडीदार शोधायचा, गळ्यात हात टाकून जरा लांब जायचे, कुजबुजून दोघांनी दोन नावे घ्यायची आणि परत येऊन विचारायचे, ‘आंबा घेणार की चिंच?’ म्होरक्याने आंबा म्हटले की आंबा त्याच्याकडे, चिंच पलीकडे. या खेळात केवढी अक्कल होती ते मला यंदा कळले. कोण कोणाच्या तोडीचा हे मुले स्वतःच ठरवत, त्यामुळे दोन्ही बाजू आपोआप सारख्या होत. आणि म्होरका माणूस निवडत नसे, फळ निवडत असे. शेवटी कोण उरला, हा प्रश्नच निघत नसे. गडी विषम निघाले आणि एखादा उरलाच, तर तो लिंबूटिंबू. तो दोन्हीकडून खेळायचा आणि बाद झाला तरी बाद नसायचा. जगातल्या कोणत्याही क्रीडासंघटनेने याहून दयाळू नियम केल्याचे माझ्या वाचनात नाही.

पण सहा संघ करायचे असले की ही युक्ती चालत नाही. सहा फळांची नावे घेऊन सहा जण गळ्यात गळा घालून निघाले तर लोक वरात समजतील. यंदा नावे आली ४८. त्यांतले सहा कर्णधार जिमखान्याने नेमले. चार मुले, दोन मुली. उरले ४२, म्हणजे प्रत्येक कर्णधाराला सात गडी. मुले-मुली एकत्र खेळतात. नियम एवढाच, की कोर्टवरच्या पाच जणांत सदैव निदान एक मुलगी हवी. हा नियम लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

पहिली सूचना आली ती लिलावाची. आयपीएलचा पहिला लिलाव २० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत झाला तेव्हा आमच्यातले काहीजण जेमतेम बोलायला शिकत होते. त्यामुळे लिलाव म्हटले की आमच्या पिढीला जप्तीतली भांडी आठवत नाहीत, खेळाडू आठवतात. प्रत्येक कर्णधाराला एक हजार लटके रुपये द्यायचे आणि बोली लावायची, असा बेत होता. आमच्या शारीरिक शिक्षण संचालकांनी तो एका वाक्यात निकालात काढला. म्हणाले, ‘उद्या कँटीनमध्ये एक जण पाचशेचा आणि दुसरा पाचाचा होऊन चहा पिणार, ते मला चालणार नाही.’

मग ठरला ड्राफ्ट. घरी हा शब्द उच्चारला तर वडिलांनी विचारले, ‘कोणत्या बँकेवर काढायचाय?’ खुलासा असा, की अमेरिकेतले व्यावसायिक संघ नवे खेळाडू बोलीने घेत नाहीत, पाळीने घेतात. तिथल्या फुटबॉलमध्ये ही रीत १९३६ साली सुरू झाली आणि बास्केटबॉलने ती १९४७ साली उचलली. आधीच्या हंगामात तळाला राहिलेल्याला आधी निवडू द्यायचे, म्हणजे दुबळ्याला हात मिळतो, ही त्यामागची कल्पना. (फुटबॉलच्या त्या पहिल्या ड्राफ्टमध्ये सर्वांत आधी निवडला गेलेला जे बरवँगर व्यावसायिक सामना कधी खेळलाच नाही, हे जाता जाता.) पाळीत पैसा नसतो, पण आकडा असतोच. २०१५ साली पंजाबातल्या बल्लो के या खेड्यातल्या सतनामसिंग भामराला डॅलसच्या संघाने ६० जणांत ५२वा निवडला. भारतात जन्मलेला खेळाडू एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला जाण्याची ती पहिलीच वेळ. पुढे एनबीएच्या एकाही सामन्यात तो उतरला नाही. तरी त्याचे नाव निघाले की ५२ हा आकडा सोबत निघतोच. संचालकसरांनी पाच रुपये टाळले खरे, पण त्यांच्या जागी काय येऊन बसणार याचा अंदाज मला तेव्हाच आला होता.

पाळीचा क्रम कसा लावावा यावर आमच्याकडे दोन तास खल झाला. सरळ क्रम लावला, म्हणजे दर फेरीत एकपासून सहापर्यंत, तर पहिल्या कर्णधाराला १, ७, १३, १९, २५, ३१ या पाळ्या येतात आणि सहाव्याला ६, १२, १८, २४, ३०, ३६. पहिल्याची बेरीज ९६, सहाव्याची १२६. हा उघड अन्याय. म्हणून नागमोडी क्रम घेतला. पहिली फेरी एकपासून सहापर्यंत, दुसरी सहापासून एकपर्यंत, तिसरी पुन्हा सुलट. आता पहिल्याच्या पाळ्या होतात १, १२, १३, २४, २५, ३६ आणि सहाव्याच्या ६, ७, १८, १९, ३०, ३१. बेरीज करून पाहा: दोघांचीही १११. मधल्या चौघांचीही १११च. अर्थशास्त्राच्या आमच्या सरांना मी हे दाखवले तेव्हा त्यांनी कौतुक केले आणि लगेच विचारले, ‘पण पहिला आणि सहावा यांच्यातला फरक, आणि एकतिसावा आणि छत्तिसावा यांच्यातला फरक, हे तुझ्या मते सारखेच का?’ सारखे नाहीतच. पहिल्या सहांत मोठी दरी असते; तिशीच्या पुढे सगळे एका माळेचे मणी. पण त्याहून न्याय्य काही आम्हांला सुचले नाही.

सहा फेऱ्यांत ३६ गडी संपले. सातवी फेरी नागमोडी ठेवली असती तर बेरजेची समता मोडली असती. आणि दुसरे कारण बैठकीत कोणी बोलून दाखवले नाही तरी सर्वांच्या मनात होते. बेचाळिसावा कोणी तरी व्हावे लागले असते. तेव्हा ठरले, की उरलेल्या सहा जणांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. मला वाटले, आता कोणाचेच मन दुखणार नाही. भित्तिपत्रक लागल्यावर चिठ्ठीने आलेली प्रथम वर्षाची एक मुलगी माझ्याकडे आली. ‘दादा, माझ्या नावापुढे रेघ का?’ मी म्हटले, ‘तुला कोणी निवडलंच नाही, चिठ्ठी निघाली. निवड नाही तर श्रेणी कशाला देऊ?’ ती म्हणाली, ‘मग ड तरी द्यायचा.’ मी तिच्याकडे पाहतच राहिलो. रेघ मात्र तशीच ठेवली. चिठ्ठीच्या नशिबाला मी कशाची श्रेणी देणार?

आता श्रेणीची रीत सांगतो. ड्राफ्टच्या आधी मी जुन्या स्कोअरशीटांवरून आणि दोन आठवड्यांच्या सरावावरून ४२ जणांची माझी यादी करून एका पाकिटात घातली आणि पाकीट संचालकसरांकडे दिले, म्हणजे नंतर कोणी ‘तू आता जुळवतोस’ म्हणायला नको. मग प्रत्येक निवडीला दोनच प्रश्न विचारायचे. एक, हा गडी माझ्या यादीत कितवा आणि घेतला कितव्या पाळीला? विसावा गडी तिसाव्या पाळीला मिळवला तर कर्णधार शहाणा. दोन, संघाला नेमके काय हवे होते? चेंडू पुढे नेणारे तिघे आहेत आणि रिंगखाली कोणीच नाही, तर चौथा चेंडू नेणारा कितीही चांगला असो, तो बाकावरच बसणार.

म्हणजे श्रेणी आहे ती त्या संध्याकाळच्या शहाणपणाला. पुढे काय घडले त्याला नव्हे. १९८४च्या एनबीए ड्राफ्टमध्ये ह्यूस्टनने पहिला हकीम ओलाजुवान घेतला, पोर्टलंडने दुसरा सॅम बोवी घेतला आणि शिकागोने तिसरा मायकेल जॉर्डन. आज चाळीस वर्षांनंतर पोर्टलंडला हसायला अक्कल लागत नाही. पण पोर्टलंडकडे जॉर्डनच्याच जागेवर खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर आदल्याच वर्षी आला होता आणि त्यांना रिंगखाली उंच माणूस हवा होता. बोवीच्या पायाचे जुने दुखणे मात्र सर्वांना ठाऊक होते. ते धरूनही त्या दिवशीच्या कागदावर मी पोर्टलंडला ‘ब’ दिला असता. उलट २०१४ साली डेन्व्हरने निकोला योकिच ४१वा घेतला तेव्हा दूरदर्शनच्या पडद्यावर जाहिरात चालू होती. पुढे २०२१, २०२२ आणि २०२४ या तीन वर्षी तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या संध्याकाळी त्याला ‘अ’ देणारा माणूस शहाणा नव्हे, नशीबवान म्हणावा लागेल. तिकडची वर्तमानपत्रे ड्राफ्टच्या दुसऱ्याच दिवशी प्रत्येक संघाला अशा श्रेण्या देऊन मोकळी होतात. त्यांना मात्र ज्यांना श्रेणी दिली त्यांच्याबरोबर एका मेसमध्ये जेवायचे नसते.

ड्राफ्ट जिमखान्याच्या खोलीत झाला. एका भिंतीवर ४२ नावे, दुसऱ्या भिंतीवर सहा रकाने. खोलीत फक्त कर्णधार, संचालकसर आणि मी. बाकी सगळे खिडक्यांना लटकलेले. पहिल्या दोन कर्णधारांनी अपेक्षेप्रमाणे दोन सर्वांत उंच मुले घेतली. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेत पीचच्या टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या आणि तो कठडा दहा फुटांवर होता, म्हणून रिंग आजही दहा फुटांवर आहे. कठडा आठ फुटांवर असता तर आमची पहिली निवड निराळी झाली असती. (नेस्मिथ यांच्या वर्गात १८ विद्यार्थी होते, म्हणून पहिला सामना नऊ विरुद्ध नऊ खेळला गेला. संघ पाचाचे झाल्यावर बाकावर बसणे आले.)

तिसरी पाळी मुलींच्या संघाच्या कर्णधाराची. भिंतीवर सहा फुटांवरची अजून पाच मुले होती. तिने घेतली तिच्याच संघातली चेंडू पुढे नेणारी मुलगी, पाच फूट दोन इंच. खिडक्यांतून हशा उठला. मी तिथल्या तिथे ‘अ’ लिहिला. कारण पाहा. कोर्टवर सदैव एक मुलगी हवीच. मुलांच्या अंगावरून चेंडू काढून नेतील अशा मुली यादीत तिघीच होत्या. बाकीच्या संघांत मुलगी कोपऱ्यात उभी राहणार आणि तो संघ चार जणांनी खेळणार. हिचा संघ पाच जणांनी खेळणार. उंच मुले सात होती. तिच्या पुढच्या, म्हणजे दहाव्या पाळीपर्यंत एखादा उरण्याचा संभव होता, ही मुलगी उरली नसती. जे दुर्मिळ ते आधी घ्यावे, हे प्रथम वर्षाच्या अर्थशास्त्रातच आहे. पण पुस्तकातले कोर्टवर आठवणे ही गोष्ट वेगळी. मधल्या पाळ्यांत मुलांनी आणखी चार उंच मुले उचलली. सातवा तिला दहाव्या पाळीला मिळाला. तो का मिळाला, तीच आता सांगायची गोष्ट आहे.

नववी पाळी चौथ्या कर्णधाराची होती. त्याच्या पाळ्या ४, ९, १६, २१, २८, ३३. चौथ्या पाळीला त्याने एक उंच मुलगा घेतला होता. नवव्याला दुसरा घेतला असता तर रिंगखालचा सारा मुलूख त्याचा झाला असता. त्याने भिंतीकडे न पाहताच नाव सांगितले. वसतिगृहातल्या त्याच्या खोलीतल्या सोबत्याचे. माझ्या पाकिटातल्या यादीत ते नाव चौतिसावे होते, आणि तेही मी जरा हात सैल सोडून घातले होते. खिडक्यांत या वेळी हशा झाला नाही. सगळे जण त्या मुलाला शोधू लागले. तो गर्दीच्या मागे बादली घेऊन उभा होता. आंघोळीला निघाला होता.

मी ‘ड’ लिहिला. कर्णधार दुसऱ्या दिवशी वाचनालयात माझ्या टेबलापाशी आला.

‘ड?’

‘तुला नाही. नवव्या निवडीला.’

‘तेच ते.’

‘तेच ते नाही. अरे, तेहतिसाव्या पाळीपर्यंत त्याला कोणी हात लावला नसता. नवव्याला उंच गडी मिळत होता, तेहतिसाव्याला हा मिळाला असता. दोघंही तुझे झाले असते.’

तो खुर्ची ओढून बसला. ‘तीन वर्षं रोज सकाळी साडेपाचला मी शूटिंग करतो,’ तो म्हणाला. ‘माझे चुकलेले चेंडू कोण आणून देतं, ठाऊक आहे ना?’

ठाऊक होते. वसतिगृहातल्या सगळ्यांनाच ठाऊक आहे. थंडीत कानटोपी घालून एक मुलगा रिंगखाली उभा असतो आणि पडेल तो चेंडू उचलून परत फेकतो. तीन वर्षांत तो एकही सामना खेळलेला नव्हता. यंदा परीक्षा झाली की तो गावी जाऊन वडिलांचे किराणा दुकान पाहणार होता.

‘तेहतिसाव्याला घेतला असता तर तो मला मिळाला असता, हे तुझं खरं,’ कर्णधार म्हणाला. ‘त्याला काय मिळालं असतं?’

माझ्या रीतीत या प्रश्नाला रकाना नव्हता. माझा सगळा हिशेब असा, की तीच वस्तू स्वस्तात मिळत असताना महाग घेऊ नये. त्याचे म्हणणे असे, की महाग घेणे हीच वस्तू. नववा म्हणून घेतलेला मुलगा आणि तेहतिसावा म्हणून घेतलेला मुलगा एकच नव्हेत. स्पर्धेला आपण स्नेहस्पर्धा म्हणतो. मग स्नेहापोटी केलेल्या निवडीला सर्वांत खालची श्रेणी का, असे त्याने विचारले नाही. विचारले असते तर मला जड गेले असते.

पण दुसरी बाजू होती आणि ती बोलून दाखवायला त्याच्या संघातली एक मुलगी त्याच संध्याकाळी आली. ती गेली दोन वर्षे पहिल्याच फेरीत हरणाऱ्या संघांत होती. ‘दोस्ती याची, आणि भुर्दंड आम्हा सहा जणांना,’ ती म्हणाली. ‘आम्हांला कोणी विचारलं होतं?’ तिचेही खरे होते. कर्णधाराने स्वतःच्या खिशातून दिले असते तर प्रश्न नव्हता. त्याने संघाच्या खिशातून दिले. मी त्या दोघांच्या म्हणण्यांवर रात्रभर विचार केला आणि ‘ड’ कायम ठेवला. शेऱ्याच्या रकान्यात लिहिले, ‘निवड महाग. कारण कर्णधाराला ठाऊक आहे.’ संपादकांना दुसरे वाक्य गाळायचे होते. भित्तिपत्रकात गूढ नको म्हणाले. मी म्हटले, गाळायचे तर दोन्ही गाळा. मग राहिले. आज कोणी पुन्हा तो कागद पुढे ठेवला तर मी तीच श्रेणी देईन आणि तेच दोन्ही शेरे लिहीन.

निघताना कर्णधार एवढेच म्हणाला होता, ‘बदल म्हणत नाही मी. फक्त त्याला ड मिळाला असं कोणी म्हणू नये, एवढं बघ.’ तेवढेच माझ्या हातात नव्हते. भित्तिपत्रक सकाळी दहाला लागले; साडेदहापर्यंत त्याचा फोटो प्रत्येकाच्या मोबाइलवर होता; आणि दुपारच्या जेवणाला मेसमध्ये त्या मुलाचे नाव पडले होते ‘नववी ड’. पाळी नववी, श्रेणी ड. कोणाची कल्पकता ते कळले नाही. मराठी विभागाचा संशय आहे. मी त्याच पंगतीत होतो. आमटीचे भांडे त्याच्याकडे आले तेव्हा पलीकडून हाक आली, ‘नववी ड, आमटी पुढे सरकव.’ त्याने सरकवली. मग मान वर न करता म्हणाला, ‘आमच्या शाळेत एकच तुकडी होती. तिला अ ब क ड काहीच नव्हतं.’ लोक हसले, तोही हसला. मी भाकरीचा तुकडा बराच वेळ चावत होतो.

स्पर्धेचा निकाल थोडक्यात सांगतो. ज्या संघाला मी ‘अ’ दिला तो उपांत्य सामन्यात हरला आणि ज्याला ‘ब’ दिला तो जिंकला. यावरून कँटीनमध्ये माझी बरीच टवाळी झाली. दोन दिवसांच्या खेळाने दोन तासांच्या निवडीचा निवाडा होतो असे ज्यांना वाटते त्यांच्याशी मी वाद घालत नाही. चौथ्या कर्णधाराचा संघ पहिला सामना १२ गुणांनी हरला. त्यात त्याचा सोबती तीन मिनिटे खेळला. दुसऱ्या सामन्यात संघातल्या उंच मुलाचे चार फाउल लवकर झाले आणि सोबत्याला रिंगखाली उतरावे लागले.

त्याला ड्रिबल येत नाही. लेअप घेताना पाय चुकतात. पण चुकलेला चेंडू कुठे पडणार हे त्याला ठाऊक असते. निदान एका माणसाचा तरी. कर्णधाराने डाव्या कोपऱ्यातून मारलेला चेंडू चुकला की तो रिंगच्या मागच्या कडेला लागून उजवीकडे लांब जातो. समोरून मारलेला चुकला की आखूड पडतो. सहा फुटी मुले रिंगखाली हात वर करून उभी, आणि हा पाच फूट सात इंचांचा मुलगा चेंडू सुटताच चालू लागायचा आणि चेंडू पडायचा तिथे पोचलेला असायचा. त्या सामन्यात त्याने पाच रिबाउंड घेतले. त्यांतले चार कर्णधाराच्या चुकलेल्या चेंडूंचे.

शेवटचे अर्धे मिनिट. ३६-३५, एका गुणाने मागे. कर्णधाराने डाव्या कोपऱ्यातून मारला, चुकला, उजवीकडे गेला आणि सोबत्याच्या हातात पडला. तो रिंगच्या अगदी खाली होता, एकटा. आजूबाजूला कोणी नव्हते. बाकावरून, गच्चीवरून, सायकलस्टँडवरून एकच ओरडा झाला, ‘टाक! टाक!’ त्याने वळून चेंडू कोपऱ्यात कर्णधाराकडे फेकला. छातीच्या उंचीवर, नीट, रोज सकाळी फेकतो तसा. कर्णधाराने पुन्हा मारला. तो रिंगवर दोनदा फिरून बाहेर पडला आणि शिट्टी झाली.

संध्याकाळी माझ्याकडे आलेली ती मुलगी कोर्टच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभी होती. ‘अरे, टाकायचा ना!’ एवढेच ती म्हणाली, आणि तेही फार मोठ्याने नाही. कर्णधार सोबत्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला रसाच्या गाड्याकडे घेऊन गेला.

थोड्या वेळाने सोबती रसाचा पेला हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आला. ‘माझं काय लिहिलंय ते बघू का?’ मी स्कोअरशीट पुढे केली. त्याच्या नावापुढे गुणांच्या जागी काही नव्हते आणि फाउल तीन. त्याने ओळीवरून बोट फिरवले. ‘मी पाच चेंडू घेतले होते ना? ते कुठं लिहिले?’ मी सांगितले, की स्कोअरशीटवर गुण आणि फाउल लिहितात, रिबाउंड लिहीत नाहीत. ते मी माझ्या वहीत वेगळे टिपतो. वही उघडून दाखवली. त्याच्या क्रमांकापुढे चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. त्याने पेला खाली ठेवला, हात सदऱ्याला पुसला आणि त्या पानाचा फोटो काढला. एकदा काढला, तो हलला म्हणून पुन्हा काढला. मग विचारले, ‘याच्यावर तारीख टाकशील?’ मी तारीख टाकत होतो तेवढ्यात पुढच्या सामन्याची शिट्टी झाली.